न तोडण्याचा दर

सेलम,
गुरुवार, ता. ६ मे २००४

मग माझंच चुकलं म्हणा की काका, म्हणजे विषय मिटला! बापू गेल्यापासून घरात जे जे वाकडं झालं ते माझ्यामुळं. म्हैस आटली ती माझ्यामुळं, परड्याची भिंत ढासळली ती माझ्यामुळं (त्या दिवशी मी भिंतीपासून आठशे किलोमीटर लांब होतो), आणि आता झाडांच्या योजनेत आपल्या नावापुढं शून्य पडलं तेबी मी सभेत मध्येच तोंड घातलं म्हणून! तुमचं पत्र आज सकाळी हातात पडलं. चार पानांतली साडेतीन पानं मला शिव्या आणि शेवटच्या अर्ध्या पानात घरची खुशाली. शिव्या मी सवयीनं पचवल्या. ती अर्धं पान खुशाली वाचली आणि हातातला चिमटा खाली पडला. का ते सांगतो, पण सुरुवातीपासून सांगू द्या, एकदम सांगायची माझी छाती होत नाही.

(पत्रात आधी नमस्कार घालायचा असतो हे सातवीपर्यंत मलाबी शिकवलंय. पण मनात भांडण तयार होतं, नमस्कार तयार नव्हता. आता झाला.) तर तीर्थरूप ज्ञानूकाका यांना, त्यांच्या थोरल्या भावाचा एकुलता एक पोरगा सूरज याचा पैंजणांच्या कारखान्यातून मनापासून जयभीम. चिमणाबाई काकूलाबी जयभीम. काकूचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, झऱ्यावरनं दोन घागरी एकदम आणू नको, एक आण आणि दुसरीच्या वेळी काकाला पाठव. माझी तब्येत बरी आहे. पैंजणाच्या कड्या जोडायला डाग देताना दोन बोटं भाजली, ती डावी होती. खाणं म्हणाल तर सकाळी इडली, दुपारी भात आणि संध्याकाळी परत इडलीच, फक्त डोसा होऊन येते. खर्डा-भाकरी स्वप्नात येते आणि स्वप्नातबी मालक म्हणतात, आधी हात धू.

तुम्हाला एक विनंती. पत्र आलं की ते समाजमंदिराच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचायची तुमची जुनी सवय आहे. चौथीत गुरुजींनी तुमच्या वाचनाची तारीफ केली आणि तेव्हापासून सगळ्या वाडीला माझ्या फोडांपासून पगारापर्यंत सगळं ठाऊक असतं. हे पत्र मात्र मनात वाचा. ओठबी हलवू नका, दुकानातल्या यल्लाप्पाला ओठ वाचता येतात.

आता मुद्द्यावर. वरल्या पडीच्या सातबाऱ्यावर नावं दोन. एक तुमचं, आणि त्याखाली बापूंच्या जागी माझं. म्हणजे तीन एकर उतरणीतली दीड एकर झाडी कायद्यानं माझी. तीन वर्षं मी म्हणतोय वाटणी द्या, आणि तीन वर्षं तुम्ही एकच उत्तर देताय, की झाडं वाटता येतील, पर त्यांच्या बुडातनं येणारा झरा कसा वाटायचा? (या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही, म्हणून मी चिडतो. उत्तर असतं तर शांतपणे बोललो असतो.) जयंतीला मी गावी आलतो ते वाटणीचं बोलायलाच आलतो. आणि सोळा तारखेला नेमकी समाजमंदिरात पुण्याच्या संस्थेची सभा लागली.

त्या दीप्ती मॅडम मला आवडल्या, खोटं कशाला बोलू. उन्हात चढून आल्या, काकूनं दिलेलं ताक एका दमात प्याल्या आणि तक्ता भिंतीला लावून सरळ सांगायला लागल्या. डोंगरावर झाडी टिकली तर पाणी मुरतं, मुरलं तर झरे मे महिन्यापर्यंत चालतात, आणि त्याच पाण्यावर खालच्या तीन गावांचे नळ चालतात. झाडी राखणार वरचे, पाणी पिणार खालचे. तर खालच्या गावांनी आणि संस्थेनं मिळून वरच्या जमीनमालकांना झाडं न तोडण्याचे पैसे द्यायचे, एकरी, दरसाल, पाच वर्षं. मला ऐकून भरून आलं. मी आयुष्यात पुष्कळ कामं केली (कबनूरला मागावर चार महिने, टेम्पोवर क्लिनर दोन महिने, बेकरीत अकरा दिवस, तुम्ही म्हणता तशी माझ्या बुडाला भिंगरी आहे), पण काही न करण्याचे पैसे देणारं काम पहिल्यांदाच बघत होतो. वाटलं, जो गुण माझ्या अंगात जन्मापासून आहे त्याला शेवटी गिऱ्हाईक आलं.

पण मॅडमचं पुढचं वाक्य आलं आणि सभा बिघडली. पैसे थोडे आहेत, म्हणाल्या, तेव्हा ज्यांची झाडं खरोखर तुटायची भीती आहे त्यांना आधी. जो तसाही तोडणार नाही त्याला न तोडण्याचे पैसे दिले तर डोंगरावर एक झाड जास्तीचं राहत नाही. हे गणित मी इथं येऊन चारदा उलटंसुलटं केलं, काका, आणि दरवेळी बरोबर येतंय. तरी घास चावताना खडा लागावा तसं काहीतरी त्यात लागतंय. त्या दिवशी वाडीला मात्र खडाबिडा काही लागला नाही, वाडीनं नुसता अर्थ धरला. मॅडमनी अर्ज वाटला, ‘येत्या पाच वर्षांत झाडे तोडण्याचा विचार आहे का’, आणि जो तो दोन्ही हात वर करून तोडणार म्हणायला लागला. ज्या यल्लाप्पानं शेजारची निम्मी उतरण आधीच बोडकी केलीय तो घरी पळाला, कुऱ्हाड घेऊन आला आणि मांडीवर आडवी ठेवून बसला. “मंगळवार धरलाय, मॅडम. तुम्ही काय म्हणताय त्यावर हाय.” शालूबाई म्हणाली, मी दारातला शेवगा तोडणार. मॅडम म्हणाल्या, मावशी, शेवगा योजनेत धरत नाही. “मग फणस लावू का? लावून तोडते की!”

आणि तुम्ही उठलात. टोपी काढली, छातीशी धरली. तिथंच मी ओळखलं की आता आपलं दिवाळं निघतंय. “आमच्या आज्ज्यापासनं त्या पडीला कुऱ्हाड लागल्याली न्हाय. गावच्या हिरीवर आमच्या मानसांस्नी पाय ठिवू देत नव्हती, तवा ह्यो झरा हुता. त्याच्या डोक्यावरची झाडं मी तोडीन व्हय? आन न तोडायचं पैसं तरी कुनाकडनं घिऊ? पान्याचं भाडं खाऊ?” यल्लाप्पानं कुऱ्हाड मांडीवरनं खाली घेतली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच भरल्या डोळ्यांनी त्यांनी तक्त्यात आपल्या नावापुढं लिहिलं, ‘धोका नाही. दर शून्य.’ यल्लाप्पाच्या नावापुढं लिहिलं, ‘अतिधोका. एकरी अठराशे, निम्मा हप्ता सही होताच.’ मी उठून ओरडलो की माझी दीड एकर मी तोडणार आहे, ते लिहा. तर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, “बस खाली खुळ्या! कुऱ्हाड कंच्या अंगानं धरत्यात ठावं हाय का?” लोक हसले. मॅडमसुद्धा हसल्या. ते हसणं मी हातकणंगल्याच्या स्टेशनापर्यंत डोक्यात घेऊन गेलतो, आणि तिथं जे झालं ते त्या हसण्यामुळं झालं. आता ते सांगतो. (अजून मनातच वाचताय ना?)

त्याआधी एक सांगू द्या. (टाळतोय, कळतंय मला.) मला विचारलं असतं तर मी योजना अशी बसवली असती. झाडं मोजू नका, माणसाच्या पोटातला बेतबी विचारू नका, कारण पोटातला बेत विचारला की माणूस पैशाकडं बघून पोट ठरवतो. वीस मेला सकाळी झऱ्यावर जाऊन बसा. एका तासात किती घागरी भरतात ते मोजा. त्या घागरींवर वरच्या मालकाला पैसे द्या. घागरी वाढल्या, पैसे वाढले. आटल्या, पैसे आटले. म्हणजे यल्लाप्पाला झाडं लावावी लागतील आणि तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही. मी हे माझ्या मालकांना सांगितलं. ते म्हणाले, डोकं चांगलं चालतंय, मग पैंजणाच्या कड्यांत दर डझनाला एक कमी का येते?

असो. एकवीस तारखेला मी हातकणंगल्याला उतरलो. गाडी दोन तास उशिरा होती. स्टेशनाबाहेर चहा घेत होतो तिथंच समोर लाकडाची वखार. मालक यशराज, वय माझ्याएवढंच पण पोट त्याच्या वडिलांचं, गळ्यात चेन. कबनूरला सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या बॉयलरला पावसाच्या आधी लाकूड पाहिजे, म्हणून तो दिसेल त्या खेडवळ माणसाला पावणं म्हणून हाक मारत होता. मला मारली. मी गेलो. माझ्या डोक्यात एक विचार आला, आणि मी शपथेवर सांगतो की त्या वेळी तो लै हुशारीचा वाटला. मॅडमना धोका पाहिजे आहे ना? मग धोक्याचा कागदच दाखवू. व्यापाऱ्याकडून विसार घ्यायचा, त्याच्या कागदाची झेरॉक्स मॅडमना धाडायची, यादीतलं शून्य पुसलं गेलं की विसार परत करून मोकळं व्हायचं. झाडाचं पानबी हलणार नाही. तर मी चाळीस झाडांचा अडतीस हजाराला सौदा केला, पाच हजार विसार घेतला आणि सही केली. दुसऱ्या मालकाची सही, म्हणजे तुमची, मागाहून आणून देतो म्हटलं. ती मी कधीच आणणार नव्हतो. तुमच्या सहीशिवाय कागद पांगळा, हे मला ठाऊक होतं. तुम्ही काही झालं तरी सही करणार नाही, या एका भरवशावर मी सगळं केलं. जगात एवढा पक्का भरवसा दुसरा कशाचा आहे, काका?

झेरॉक्सनं काम केलं. मॅडमचं पत्र गेल्या आठवड्यात इथं आलं. त्या लिहितात, कागद पाहून धक्का बसला, आपल्या जमिनीचं नाव अतिधोक्यात घेतलंय, रविवारी नऊ तारखेला सकाळी अकराला स्वतः येऊन पाहणी करू आणि ज्ञानूकाकांची सही घेऊ. मी सगळ्या कारखान्याला भजी खायला घातली. आणि आज सकाळी तुमचं पत्र आलं.

तुमची खुशाली मी इथं पुन्हा उतरून काढतो, म्हणजे तुम्हाला कळेल की ती वाचताना माझं काय झालं असेल. तुम्ही लिहिता, ‘गेल्या महिन्यात संस्थेच्या मानसांनी झाडांवर पिवळं आकडं घातलं हुतं. परवा संस्थेचा दुसरा मानूस आला, त्यानं लाल आकडं घातलं. पिवळ्यापेक्षा लाल ठळक आल्यात, संस्था सुधारली म्हनायची. मानूस लै गरीब. चिमनानं त्येला भाकरी आन झुणका दिला. मी सोता संगं फिरून चांगली चांगली झाडं दावली. झऱ्यावरचं थोरलं जांभूळ त्यो इसरूनच चालला हुता, उतारावर हाय म्हनून. मी हाक मारून परत बोलावलं, म्हटलं पावणं, ह्ये राह्यलं की, आमचं समद्यात मोठ्ठं ह्येच! मग त्यानं त्येच्यावर एक्केचाळीस घातलं. मोजनीच्या कागदावर सही मागितली, ती म्या पूर्ण नावानं केली. सोमवारी धा तारखेला मानसं घिऊन येतो म्हनाला. चिमना पन्नास भाकरी करनार हाय.’

काका, तो संस्थेचा माणूस नव्हता. तो वखारीचा माणूस होता. पिवळे आकडे राखायच्या झाडांचे. लाल आकडे तोडायच्या झाडांचे. आणि सोमवारी जी माणसं येणार आहेत ती करवती घेऊन येणार आहेत.

आता खाली बसा. पाणी प्या. मग पुढं वाचा.

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. केला. पण वाडीत फोन एकच, यल्लाप्पाच्या दुकानातला. त्यानंच उचलला, “काय निरोप हाय त्यो मला सांग, मी देतो की.” त्याला हे कळलं असतं तर मॅडमपर्यंत तासात आणि तालुक्यापर्यंत दीड तासात गेलं असतं. मी म्हटलं, काकूचा गुडघा विचारा, आणि फोन ठेवला. (काकूचा गुडघा विचारायला सेलमहून फोन आला म्हणून सगळी वाडी आता तिचा गुडघा बघून गेली असेल. तिची माफी मागतो.) मग वखारीला फोन लावला. यशराजला सांगितलं, सौदा मोडतोय, काकांची संमती नाही. तो हसला. “सूरजराव, काकांची सही हाय माझ्याकडं. पूर्ण नाव, खाली तारीख. वखारीत एवढी वळणदार सही कुनी केलीच नव्हती.” मी म्हटलं, पाच हजार परत देतो. तर म्हणाला, “परत म्हंजे धा. देणारा फिरला तर विसार बुडाला, घेणारा फिरला तर दुप्पट. रीत इसरलासा काय?” रीत मी विसरलो नव्हतो, मला ती ठाऊकच नव्हती. कागदावर ती खाली बारीक लिहिली होती आणि गाडीची शिट्टी वाजली म्हणून मी शेवटच्या चार ओळी वाचल्या नव्हत्या. त्याच्याशी मी भांडलो, हातापाया पडलो, दोन्ही झालं. माणूस वाईट नाही. त्यानं एवढंच सांगितलं, की रविवारी वखार पाचला बंद होते, त्याच्या आत दहा हजार टेबलावर आले तर दोन्ही कागद माझ्यासमोर, म्हणजे तुमच्यासमोर, फाडेन. सोमवारी सकाळी पहिलं झाड आडवं झालं की मग व्यवहार पुरा, मग दहा काय पन्नास आणले तरी उपयोग नाही. पहिलं कोणतं पाडणार, मी विचारलं. तो म्हणाला, “ट्रॅक्टरच्या वाटंवरचं मोठं जांभूळ आधी. त्याशिवाय बाकीची वढता येनार न्हाईत.” ते एक्केचाळीस नंबरचं.

त्याच्या मुळ्या झऱ्याच्या दगडात गेल्यात हे तुम्ही मला लहानपणी दाखवलंय. ते पडलं तर दगड हलतील, आणि दगड हलले तर वाडीची एकोणीस घरं सोमवारी संध्याकाळी रिकाम्या घागरी घेऊन कुठं जाणार, हे मला इथं बसून दिसतंय. सकाळपासून दुसरं काही दिसत नाही. एका पैंजणाला मी दोन वेळा डाग दिला.

पैसे जमवले. विसारातून मी एक जुना मोबाईल घेतला होता, ज्याला कारखान्यात रेंज येत नाही, गच्चीवरच्या टाकीवर उभं राहिलं की एक दांडी दिसते. तो विकला. मालकांकडून दोन महिन्यांची उचल घेतली. (त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, झाडं. ते म्हणाले, लावताय? मी म्हटलं, लावतोय म्हणा.) आणि पडीची सरकारी मोजणी आणून वाटणी करून घ्यायला म्हणून बाजूला टाकले होते, ते काढले. आमच्या कारखान्यातला हुपरीचा बाळगोंडा आज बहिणीच्या लग्नाला निघालाय. त्याच्याकडं हे पत्र आणि पैसे देतोय. शनिवारी संध्याकाळी तो तुमच्या दारात येईल. त्याला ओळखायची खूण म्हणजे त्याच्याकडं लाल रंगाचा डबा नसेल.

आता नीट ऐका, कारण मी सगळं बसवलंय. रविवारी सकाळी अकराला मॅडम येतील. त्यांना येऊ द्या. लाल आकडे दाखवा. त्या घाबरतील. अतिधोक्याच्या अर्जावर घाबरलेल्या मॅडमची आणि तुमची अशा दोन सह्या होऊ द्या, पहिला हप्ता तिथंच मिळतो. तुम्ही काही बोलू नका. टोपीबी काढू नका, टोपी काढली की तुम्ही खरं बोलता. फक्त मान खाली घालून बसा, माणूस दुःखी असला की तसा बसतो. मॅडम गेल्या की दुपारच्या एसटीनं कोल्हापूर, तिथून हातकणंगले, पाचच्या आत वखार, पैसे टेबलावर, कागद फाडून घ्यायचे, संपलं. झाडं जागेवर, झरा जागेवर, आणि आपल्या नावापुढं शून्य नाही. दहा हजार घालवून वर्षाला चोपन्नशे, दोन वर्षांत वसूल. बघा, चुकलो मी, पण चुकीतूनबी वाट काढतो की नाही तुमचा पुतण्या? आणि तुम्ही म्हणता मी खुळा.

काकूला जास्त सांगू नका, पन्नास भाकऱ्या करू नको एवढं सांगा. शेजारपाजारी सगळ्यांना जयभीम, यल्लाप्पालासुद्धा, पण त्याला जरा हळू.

तुमचा,
सूरज

ता. क. बाळगोंडाची गाडी सुटायला तास आहे म्हणून वरचं परत वाचलं. रविवारची दुपारची एसटी आली तर येते. जयंतीच्या आदल्या रविवारी मी तिच्यासाठी फाट्यावर तीन तास बसलो होतो आणि शेवटी उसाच्या ट्रॉलीतून गेलो. तेव्हा दुपारचं राहू द्या. सकाळची साडेसहाची पक्की असते, ड्रायव्हरच मुक्कामाला असतो. तिनं जावा. आधी वखार.

ता. क. दुसरा. म्हणजे मॅडम अकराला येतील तेव्हा तुम्ही घरी नसणार. काकूला म्हणावं ताक दे आणि बसवून ठेव. तुम्ही परत आलात की त्या विचारतील, हे लाल आकडे कसले, धोका आहे का? तेव्हा फाडलेल्या कागदाचे तुकडे दाखवा आणि नाही म्हणा. मी वर लिहिलेलं मान खाली घालायचं वगैरे खोडायला पाहिजे होतं, पण खोडलं तर पान खराब दिसतं. तुम्हाला खोटं जमत नाही, काका, आणि तुम्ही ते माझ्यासाठी जमवायला गेलात आणि तोंडावर पडलात तर ती सभा परत बघायची माझी ताकद नाही. लिहू दे त्यांना शून्य. त्यांच्या रकान्यात खालच्या गावानं किती दिले, संस्थेनं किती दिले, असं आहे. सेलमवाल्यांनी किती दिले असा रकाना त्यांच्याकडं आहे का, तेवढं मात्र माझ्या वतीनं विचारा.

ता. क. तिसरा, आणि हेच खरं सांगायचं होतं, पण चार पानं झाली तरी लिहवलं नाही. पैसे पुरे भरत नाहीत. मालकांनी उचल दिली त्यातून कमी आलेल्या कड्यांचे कापले. सहाशे कमी पडतात, आणि यशराज एक रुपया सोडणार नाही. ते सहाशे तुम्ही शनिवारी रात्रीच्या आत यल्लाप्पाकडून मागून घ्या. मला ठाऊक आहे तुम्ही त्याच्या दारात कधी गेला नाही. पण त्याला न तोडण्याचा निम्मा हप्ता मिळालाय, आणि झऱ्यावर त्याचीबी घागर असते. कारण विचारलं तर सगळं खरं सांगा, माझ्या नावासकट. बाळगोंडासमोर मोजून घ्या. सोबत पाठवतोय रुपये नऊ हजार चारशे.